बोन चायना की चिनी माती: ठेवणीत कुणी बसायचं?

सांगलीत गावभागात माझ्या आत्याचं घर आहे. तिथल्या भिंतीतल्या फडताळात, अगदी खालच्या खणात, एक टी-सेट वर्षानुवर्षं पडून होता. सहा कप, सहा बश्या, किटली, दुधाचं भांडं, साखरेचं भांडं. प्रत्येकाच्या कडेला सोनेरी रेघ आणि प्रत्येक नग जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. रोजच्या चहाला मात्र जाडजूड पांढरट कप, त्यातल्या दोघांचे टवके उडालेले, एकाचा कान गेलेला. "आत्या, ते चांगले कप कधी काढणार?" असं विचारलं की म्हणायची, "कोण पाहुणं आल्यावर." पाहुणे आले की म्हणायची, "ही काय पाहुणी? घरचीच की."

तिचा हिशेब सरळ होता. पातळ ते नाजूक, जाड ते दणकट. नाजूक ते ठेवणीत, दणकट ते रोजच्याला. घरोघरीची काचेची कपाटं याच हिशेबानं भरलेली असतात. पण त्यातली पहिलीच ओळ चुकीची आहे. ती का चुकीची, हे कळायला बोन चायना आणि साधी चिनी माती शेजारी ठेवून बघायला हवी.

गोंधळ नावापासून सुरू होतो. भांड्यांच्या दुकानात बोन चायना, पोर्सिलीन, जाड मग, लोणच्याची बरणी, सगळं "चिनी मातीचं" असतं. दुधी काचेचा डिनर सेटही तिथंच मांडलेला असतो, आणि लोक त्यालाही चायना म्हणतात. ती मातीच नव्हे, काच आहे. फुटली की बारीक ठिकऱ्या होतात, टवक्याची कड काचेसारखी चमकते. तिला इथंच सोडू.

खरी चिनी माती म्हणजे केओलिन ही पांढरी माती. चीनमधल्या जिंगदेझेन या कुंभारांच्या गावाजवळ गाओलिंग नावाची टेकडी आहे, तिच्यावरून हे नाव आलं. या मातीत फेल्स्पारसारखे खनिज मिसळून १३०० ते १४०० अंश सेल्सिअसला भाजलं की पोर्सिलीन होतं. घरातले स्वस्त जाड कप बहुधा त्या दर्जाचे नसतात. ते मातकट, कमी आचेवर, हजार-अकराशे अंशांच्या आसपास भाजलेले असतात. त्यांचं अंग सच्छिद्र राहतं आणि वरच्या झिलईवर, म्हणजे काचेसारख्या चकचकीत लेपावर, सगळी भिस्त असते. अशी माती आपल्या वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त पाणी सहज पिऊ शकते. पोर्सिलीन किंवा बोन चायना जवळजवळ काहीच पीत नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचा संबंध महापुराशी येणार आहे.

बोन चायना ही इंग्लंडची वस्तू. चीनच्या पोर्सिलीनची नक्कल करायची धडपड युरोपात सगळीकडं चालली होती. १८व्या शतकाच्या अखेरीस स्टोक-ऑन-ट्रेंटच्या स्पोड कारखान्यात जे मिश्रण पक्कं झालं त्यात निम्मी हाडाची राख, पाव हिस्सा केओलिन आणि पाव हिस्सा कॉर्नवॉलचा दगड असं साधारण प्रमाण होतं. हाडं म्हणजे मुख्यतः गुराढोरांची. ती जाळून पांढरी राख करतात. भट्टीत, साधारण १२५० अंशांच्या आसपास, राखेतलं कॅल्शियम फॉस्फेट मातीशी मिळून बारीक स्फटिक करतं आणि मधल्या फटी वितळलेल्या काचेनं भरून निघतात. म्हणून अंग इतकं घट्ट होतं की ते पातळ ओढता येतं. पातळपणा हा त्या ताकदीचा परिणाम आहे. कमी आचेच्या मातीचा कप तेवढा पातळ केला तर पहिल्याच धुण्यात जाईल, म्हणून तो जाड असतो.

ओळखायची रीत सोपी. कप उजेडासमोर धरा, मागं बोटं ठेवा. बोटांची सावली दिसली आणि रंग सायीसारखा उबदार पांढरा वाटला तर बोन चायना. सावली दिसते पण पांढरेपणात निळसर-करडी झाक आहे, तर पोर्सिलीन. काहीच दिसत नसेल तर जाड मातीकाम. मग टिचकी मारा, माठ घेताना मारतो तशी. चांगल्या चायनाचा नाद खणखणीत आणि लांब चालतो. जाड मातीचा कप बद्द वाजतो. चांगला कपही बद्द वाजायला लागला तर कुठंतरी तडा आहे, दिसत नसला तरी.

आता फरक जिथं खरा जाणवतो तिथं येऊ, म्हणजे वापरात.

आधी हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या घरच्या जुन्या ताटल्यांनी तिचा रंग त्याच्या बऱ्याच आधी मान्य केला होता. जाड मातीच्या ताटलीवर काही वर्षांनी झिलईला केसासारख्या भेगांची जाळी पडते. अंग ओल घेऊन किंचित फुगतं, वरची झिलई तेवढी ताणत नाही, म्हणून. त्या जाळीत आमटीतली हळद शिरली की पिवळ्या नकाशाची ताटली होते. घासून जात नाही. कडक उन्हात ठेवली तर रंग थोडा उडतो, पण आत गेलेलं तेल आणि वास तिथंच. बोन चायनाच्या अखंड झिलईवर हीच आमटी तास-दीड तास वाळली तरी साबणाच्या पाण्यानं निघते. चहाचा तांबडा थर धरला तर ओल्या फडक्यावर खायचा सोडा पुरतो.

मग चहाचं प्रमाण. आपण मगभर चहा पीत नाही, अर्धा कप पितो. जाड थंड कपात अर्धा कप चहा ओतला की कपच आधी तापून घेतो, आणि आपल्याला कोमट घोट येतो. पातळ कप चहाची ऊब खात नाही. शिवाय पातळ कड ओठाला वेगळी लागते. हे शास्त्र नाही, पण एकदा चटक लागली की जाड कप तोंडात दगड धरल्यासारखा वाटतो. बशीत ओतून फुरका मारणाऱ्यांना कडेचं महत्त्व कमी. त्यांनी बशी खोलगट आहे ना तेवढं बघावं, हल्लीच्या चपट्या बश्यांत चहा मावतच नाही.

एका बाबतीत पोर्सिलीन सरस आहे, हे मान्य करायला हवं. त्याची झिलई अंगाबरोबरच जास्त आचेवर भाजली जाते, त्यामुळं ती कठीण असते. बोन चायनाची झिलई नंतर, कमी आचेवर बसवतात, म्हणून तुलनेनं मऊ. रोज सुरी-काट्यानं जेवणाऱ्या घरात तिच्यावर ओरखडे पडतात. आपण भाकरी हातानं मोडतो. सुरीचा प्रश्नच येत नाही. स्टीलच्या चमच्याच्या करड्या रेघा उठतात, त्या बहुतेक वेळा ओरखडे नसून धातूचा माग असतो आणि सोड्यानं जातो.

मग नाजूक काय आहे? सोनं. कडेची ती सोनेरी रेघ. झिलई भाजून झाल्यावर तिच्यावर सोन्याचा पातळ लेप देतात आणि पुन्हा हलक्या आचेवर भाजतात. ती झिलईच्या आत नसते, वर बसलेली असते. घासणीनं झिजते, डिशवॉशरमध्ये झिजते, मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या टाकते. झिलईवर काढलेल्या रंगीत फुलांचंही तेच. बोट फिरवून बघा, फुलं हाताला उंचवट्यासारखी लागली तर ती वरची आहेत. जुन्या काळच्या अशा चित्रांच्या रंगांत शिसं असू शकतं आणि आंबटाशी गाठ पडली की ते सुटतं. आजीच्या वेळच्या फुलाफुलांच्या बशीत लिंबाचं लोणचं किंवा चिंचेची चटणी ठेवून विसरू नका. लोणच्याला बरणी आहे, तिचं ते कामच आहे.

म्हणजे ठेवणीत घालायचंच असेल तर सोनेरी कडेचं आणि उठावाच्या फुलांचं घाला. साधं पांढरं बोन चायना रोज काढायला काही हरकत नाही. बहुतेक घरांत नेमकं उलटं असतं: रोजच्याला माती, आणि ठेवणीत जे काही "चायना" असेल ते सरसकट.

एक प्रश्न मात्र ताकदीचा नाही, श्रद्धेचा आहे. सांगली-मिरजेत जैन घरं पुष्कळ आहेत, आणि जैन नसूनही हाडाची राख चालत नाही अशीही. त्यांच्यासाठी "रोज की सणाला" हा वादच उद्भवत नाही. त्यांनी पोर्सिलीन घ्यावं आणि दुकानदाराला स्पष्ट विचारावं. "न्यू बोन चायना" या नावानं मिळणारा माल बहुधा राखेशिवायचा असतो. काही कारखाने हाडाऐवजी कारखान्यात केलेलं कॅल्शियम फॉस्फेट वापरतात. नुसत्या बुडाच्या शिक्क्यावरून हे कळत नाही.

गंमत म्हणजे ही चायना मंडळी आपल्याकडं मुळात मानाची नव्हतीच. सोवळ्याच्या स्वयंपाकघरात पितळ, तांबं, चांदी. धातू घासून, विस्तवाला दाखवून शुद्ध होतो, मातीचं भांडं एकदा उष्टं झालं की गेलं, हा नियम. चिनी मातीही मातीच, म्हणून कपबशी स्वयंपाकघराबाहेरच राहायची. १८९० साली पुण्यात पंच हौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढं आली, तर टिळक-रानड्यांसकट हजर मंडळींचं प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं. आणि कितीतरी घरांत नि हॉटेलांत काही माणसांसाठी वेगळी कपबशी बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेली असायची, हेही विसरू नये. तीच कपबशी दोन-तीन पिढ्यांत काचेच्या कपाटात जाऊन बसली.

कपाटात तिला बसवलं आहेरानं. लग्नात स्टीलचं भांडं दिलं तर त्यावर नाव घालता येतं. टी-सेटवर घालता येत नाही. त्यामुळं तो न उघडता ठेवला तर पुढच्या लग्नात देता येतो. आमच्या नात्यात एक लेमन सेट निदान तीन लग्नं फिरला असावा, चौथ्यांदा तो ज्यांनी पहिल्यांदा दिला त्यांच्याच घरी पोचला. ठेवणीतलं म्हणजे जपलेलं, हे दरवेळी खरं नसतं. काही वेळा ते फक्त रांगेत उभं असतं.

आणि "सेट" हा शब्दच घोळ करतो. सहातला एक फुटला की सेट मोडला, मग पाच कपांना काही अर्थ नाही असं वाटतं. म्हणून एकही काढायचा नाही. त्यापेक्षा रोजच्याला साधे पांढरे सुटे कप घ्यावेत. त्यातला एक गेला तर तसाच दुसरा मिळतो.

फुटतात कुठं ते मात्र बघा. टेबलावर क्वचित. बहुतेक कप सिंकमध्ये जातात, वरून कुकरचं झाकण पडून. कडाप्पाच्या ओट्यावर ठेवताना टवका उडतो. चहाच्या भांड्यांची धुणी वेगळी काढली, सिंकमध्ये जुनं फडकं अंथरलं, तारेची घासणी लांब ठेवली, की बोन चायना वर्षानुवर्षं टिकतं. कप एकात एक कोंबू नयेत आणि कान धरून भरलेली किटली एका हातानं उचलू नये. कान वेगळा करून चिकटवलेला असतो, तोच सांधा कच्चा. ताटल्यांची चळत लावताना मध्ये कागद घालावा. बुडाच्या कडेला झिलई नसते, ती खालच्या ताटलीच्या चित्रावर घासते. ठेवणीतल्या चळतीही अशाच खराब होतात, न वापरता.

आत्याच्या सेटचं काय झालं ते राहिलंच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. आत्याला आम्ही विश्रामबागला आणलं होतं. पाणी उतरल्यावर फडताळ उघडलं, तर खालच्या खणात नुसता चिखल. फळी सुटून दोन कप आणि एक बशी फुटली होती. बाकीचे नग नळाखाली धरले आणि चिखल सरकन निघून गेला, ना डाग ना वास. रोजचे जाड कप मात्र त्या पाण्यात आठवडाभर भिजले होते. टवक्यांतून आणि जाळीतून पुराचं पाणी आत मुरलेलं. तीन वेळा उकळत्या पाण्यात घातले तरी तोंडाजवळ नेले की नदीचा वास यायचा. शेवटी टाकले.

गुंडाळायला कोरडं वर्तमानपत्र घरात नव्हतं. मूळ खोक्याचा लगदा झालेला. आत्यानं ते चार कप ओट्यावरच ठेवले, त्यात चहा ओतला आणि चिखल काढायला आलेल्या पोरांना दिला. सोनेरी रेघ आता निम्मी गेली आहे. मागच्या दिवाळीत मी तिला नवा सेट न्यायला निघालो, तर म्हणाली, "सेट नको बाबा. दोन सुटे आण, पांढरे."