दिवस-रात्र फरक, अल्पांश वायूंच्या उपग्रहीय मापनांतील

हवेत अत्यल्प प्रमाणात असणाऱ्या वायूंची (ओझोन, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, अमोनिया, मिथेन इ.) उपग्रहाने एकाच ठिकाणी दिवसा व रात्री घेतलेली मापने जुळत नाहीत, ती तफावत. वायूचे प्रमाण खरोखर बदलल्याने ती पडते, तशीच उपकरणाला खालची हवा कमी-अधिक दिसल्यानेही पडते.

परावर्तित सूर्यप्रकाशावर चालणारी ओमी (२००४) व ट्रोपोमी (२०१७) ही उपकरणे रात्री मापन करू शकत नाहीत. रात्रीचे आकडे मुख्यतः औष्णिक अवरक्त प्रारण टिपणाऱ्या मोपिट (१९९९ ते २०२५), एअर्स (२००२), आयासी (२००६ पासून) व क्रिस (२०११) यांच्याकडून येतात.

खरा फरक मुख्यतः प्रकाशरसायनाचा असतो. दिवसा नायट्रोजन डायऑक्साइडचे प्रकाशाने विघटन होते. रात्री नायट्रिक ऑक्साइड ओझोनशी संयोग पावून पुन्हा डायऑक्साइड बनतो. मध्यांबरातील (स्थितांबराच्या वरच्या थरातील) ओझोन रात्री दिवसाच्या कित्येक पट असतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र हवेत आठवडे ते महिने टिकतो, त्यामुळे एका रात्रीत त्याच्या एकूण स्तंभात (जमिनीपासून वरपर्यंतच्या एकूण प्रमाणात) मोठा रासायनिक बदल संभवत नाही. त्याच्या नकाशावर जमिनीवर ठळक दिवस-रात्र फरक दिसला, तर संशय आधी मापनावर घ्यावा.

या संशयाचे मूळ औष्णिक तफावतीत, म्हणजे भूपृष्ठ व त्याला लागून असलेली हवा यांच्या तापमानांतील फरकात आहे. जमीन हवेपेक्षा बरीच तापलेली असेल, तर खालच्या थरातील वायू तिचे प्रारण शोषतो आणि वर्णपटात खाच उमटते. दोन्ही तापमाने सारखी असतील, तर वायू जेवढे शोषतो जवळपास तेवढेच उत्सर्जित करतो. खाच पुसली जाते आणि जमिनीलगतचा वायू असूनही दिसत नाही. निरभ्र रात्री जमीन हवेपेक्षा थंड झाली, तर खाचेऐवजी उंचवटा येतो व वायू पुन्हा दिसू लागतो. संकेत हरवतो तो तफावत शून्याजवळ आल्याने. रात्र हे त्याचे केवळ नेहमीचे निमित्त. अमोनिया जमिनीलगतच साचत असल्याने त्याला याचा फटका सर्वाधिक बसतो. शिवाय ४.३ मायक्रोमीटरजवळ, सूर्यप्रकाशाने उद्दीपित झालेल्या उंचावरील कार्बन डायऑक्साइडचे जादा उत्सर्जन दिवसा मिसळते. ते गणितात न धरल्यास तापमान चुकते आणि ती चूक वायूच्या आकड्यात उतरते.

भूभागावरची रात्रीची उपग्रहीय मापने वगळावीत, असे काही अभ्यासक मानतात. प्रत्येक मापनाबरोबर दिलेला ॲव्हरेजिंग कर्नल (कोणत्या उंचीवरील हवा किती दिसली, हे सांगणारी सारणी) वापरून ती ठेवता येतात, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

उदाहरणार्थ, मुंबईवरच्या दिवस-रात्र मापनांची तुलना करायची, तर प्रथम घड्याळ जुळवावे लागते. कक्षेची वेळ स्थानिक सौरवेळेत व विषुववृत्तावरची दिलेली असते. मुंबईची सौरवेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे आहे. साधारणतः १९५५ पर्यंत शहरात चालत असलेली ‘मुंबई वेळ’ ती हीच. १९° उत्तर अक्षांशावर उपग्रह चढत्या (दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या) फेरीत सुमारे १२ मिनिटे आधी आणि उतरत्या (उत्तरेकडून दक्षिणेकडे येणाऱ्या) फेरीत तेवढाच उशिरा येतो. त्यामुळे आयासीच्या ९:३० (उतरती) व २१:३० (चढती) च्या फेऱ्या येथे साधारण १०:२० व २१:५५ ला पडतात. क्रिसची रात्री दीडची (उतरती) फेरी सव्वादोननंतर येते. उपग्रह एका फेरीत जो पट्टा पाहतो, त्याच्या कडेला शहर आल्यास या वेळा पाऊण तासापर्यंत पुढेमागे होतात. हिवाळ्यात रात्री दहाला खारा वारा बहुधा नुकताच ओसरत असतो, तर दोननंतर मतलई वाहू लागलेली असते. दोन उपकरणांच्या ‘रात्री’ एकत्र मिसळू नयेत, ते यासाठीच.

दुसरी अडचण शहराच्या आकाराची. आयासीचा ठसा (एका मापनात दिसणारा भूभाग) उभ्या दृष्टीत १२ किमी. व्यासाचा, तर शहर पश्चिमेला समुद्र व पूर्वेला ठाण्याची खाडी यांमधील चिंचोळी पट्टी. दक्षिण मुंबईवरच्या एका ठशात बराचसा भाग पाण्याचा असतो. समुद्राचे तापमान दिवस-रात्र जवळपास स्थिर, म्हणून तेथे तफावत दोन्ही वेळी अल्प. ठसा दिवसा जमिनीवर व रात्री पाण्यावर पडला, तर निघणारा फरक ठशाच्या जागेचा असतो. रात्री दृश्य प्रकाशाची प्रतिमा नसल्याने समुद्रावरचे सखल, कोमट ढग ढगाळ मापने वगळणाऱ्या चाळणीतून निसटतात. पावसाळ्यात दोन्ही वेळी निरभ्र ठसे फारच थोडे मिळतात.

तुलना करताना सूर्याच्या खमध्यकोनावरून (थेट डोक्यावरच्या बिंदूपासून सूर्य किती कललेला आहे, त्या कोनावरून) दिवस-रात्र ठरवून संधिप्रकाशातील मापने टाकतात, जमीन व पाणी वेगळे करतात आणि ढगांची कसोटी दोन्ही वेळी एकच ठेवतात. मग वायूचे एकच कल्पित उभे वितरण घेऊन त्याला दिवसाचा व रात्रीचा कर्नल लावतात. यातून निघणारा फरक आभासी. तो मोजलेल्या फरकातून वजा केल्यावर उरलेल्या भागाचेच रसायनाने किंवा वाऱ्याने स्पष्टीकरण द्यावे.

इन्सॅट-३डी (२०१३) व ३डीआर (२०१६) या भूस्थिर उपग्रहांवरील साउंडरांत (हवेचे थरवार मापन करणाऱ्या उपकरणांत) १८ अवरक्त व १ दृश्य मार्गिका (मोजल्या जाणाऱ्या तरंगलांबींचे पट्टे) असून त्यांतून एकूण ओझोन दिवसा व रात्रीही काढता येतो. बहुतांश ओझोन स्थितांबरात असल्याने जमिनीलगतच्या तफावतीचा त्याला तुलनेने कमी अडथळा होतो.