जर्नलिंग (फाइल सिस्टिम)

फाइल सिस्टिम म्हणजे डिस्कवर फाइली कुठे आणि कशा ठेवल्या आहेत याची रचना. या रचनेत बदल करण्याआधी ऑपरेटिंग सिस्टिम तो बदल डिस्कवरच राखून ठेवलेल्या जागेत लिहून ठेवते, या पद्धतीला जर्नलिंग म्हणतात. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी ही नोंद वाचून अर्धवट राहिलेले काम पुरे केले जाते किंवा सोडून दिले जाते. पावसाळ्यात फांदी तारेवर पडून वरचेवर लाइट जाणाऱ्या कोकणपट्टीत, दापोली असो वा देवगड, डेस्कटॉप संगणक सुखरूप उठतो तो बहुतांशी यामुळेच.

‘सेव्ह’ दाबल्याबरोबर फाइल डिस्कवर जातेच असे नाही. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ती आधी रॅममध्ये, सहसा 4 केबीच्या पानांत ठेवतो. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये दर 5 सेकंदांनी तपासणी होते आणि 30 सेकंदांहून जुनी न लिहिलेली पाने डिस्ककडे रवाना होतात.

आंब्याच्या पेट्यांच्या हिशेबात चार ओळींची भर घातली, तरी डिस्कवर तीन ठिकाणी बदल होऊ शकतो: मजकुराचा ब्लॉक (डिस्कवरचा ठराविक आकाराचा कप्पा), फाइलचा आकार व पत्ता सांगणारा आयनोड, आणि कोणते ब्लॉक भरलेले आहेत याचा तक्ता. तक्ता बदलला आणि आयनोड राहिला, तर तो ब्लॉक वाया जातो. उलट झाले तर जास्त वाईट: तोच ब्लॉक मोकळा समजून दुसऱ्या फाइलला दिला जातो आणि दोन्ही हिशेब एकमेकांवर चढतात. जर्नलमध्ये हे बदल एकत्र लिहून शेवटी ‘कमिट’ची खूण केली जाते. खूण असेल तर बदल पुन्हा लावायचे, नसेल तर टाकून द्यायचे.

मात्र जर्नल वाचवते ती रचना, मजकूर नव्हे. 1993 साली विंडोज एनटी 3.1 बरोबर आलेली एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टिम फक्त रचनेतले बदल नोंदवते. लिनक्सवरच्या ईएक्सटी4 फाइल सिस्टिमचा नेहमीचा ‘ऑर्डर्ड’ प्रकारही तसाच, फक्त त्यात मजकूर आधी आणि कमिट नंतर लिहिले जाते. रॅममध्येच राहिलेल्या ओळी गेल्या त्या गेल्याच. म्हणून चांगला प्रोग्रॅम नवी प्रत तात्पुरत्या नावाने लिहितो, एफसिंक (मजकूर लगेच डिस्कवर लिहिण्याचा आदेश) करून ती डिस्कवर उतरवतो आणि मगच जुन्या नावावर आणतो. पेनड्राइव्हवरच्या एफएटी32 या फाइल सिस्टिमला जर्नलच नसते. पेनड्राइव्ह ‘इजेक्ट’ न करता ओढणे धोक्याचेच. डिस्कने स्वतःच्या कॅशमधला (तात्पुरत्या मेमरीतला) मजकूर उतरण्याआधीच ‘लिहिले’ असे कळवले, तर जर्नलचा क्रमही मोडतो.

एटीएक्स प्रकारचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) वीज गेल्यावर पूर्ण भाराला साधारण 16 मिलिसेकंद तग धरतो. 50 हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तनच 20 मिलिसेकंदांचे असते. त्यामुळे संगणकासाठी इन्व्हर्टर ‘यूपीएस’ मोडवर हवा, पंख्यांसाठीच्या मोडमध्ये जोडणी बदलायला जास्त वेळ लागतो. लाइट आल्यावर पुरवठा दोन-तीनदा ये-जा करत असेल, तर तो स्थिरावेपर्यंत थांबावे. जर्नल पुन्हा लावताना लाइट गेली तरी बिघडत नाही, ते काम पहिल्यापासून करता येते; चेकडिस्क (विंडोज) किंवा एफएससीके (लिनक्स) हे डिस्क तपासणारे प्रोग्रॅम दुरुस्ती करत असताना गेली, तर ही खात्री नसते.