तमिळ सिनेमाची चोरी आणि गुंडा कायदा : पार्श्वभूमी

तमिळ सिनेमाच्या पायरसीची चर्चा हल्ली वेबसाइटपासून सुरू होते आणि तिथेच संपते. पण आज जी कारवाई चालते तिचा साचा सीडीच्या जमान्यात पडला, म्हणून आधी तिकडे पाहायला हवे.

कॅसेटच्या काळाबद्दल दोन गोष्टी पुरेत. १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे झाली. आणि कॅसेटवरून कॅसेट काढली की चित्र पुसट होत जाई, त्यामुळे चोरीला आपोआप लगाम होता. सीडीने तो काढून टाकला. चेन्नईच्या बीच स्टेशनजवळचा बर्मा बाजार, म्हणजे ब्रह्मदेशातून परतलेल्या कुटुंबांनी साठच्या दशकाअखेरीस मांडलेल्या टपऱ्यांची रांग. पूर्वी तिथे परदेशी घड्याळे आणि टेपरेकॉर्डर मिळत, नंतर डिस्क. एका व्हीसीडीत, म्हणजे सिनेमाच्या सीडीत, जेमतेम सव्वा तासाचे चित्रण मावते, त्यामुळे अडीच तासांच्या तमिळ सिनेमाला दोन, कधी तीन डिस्क लागत.

फटका बसला तो धंद्याच्या घडीला. प्रिंट महाग होत्या, म्हणून सिनेमा आधी मोठ्या शहरांत लागे आणि ‘बी’, ‘सी’ सेंटरला, म्हणजे छोट्या शहरांत आणि गावांत, काही आठवड्यांनी पोचे. आता गावात त्याच्या आधी डिस्क पोचू लागली, केबलवाला आणि लांब पल्ल्याच्या खासगी बसही तीच लावू लागले. मिनिमम गॅरंटी, म्हणजे निर्मात्याला ठरलेली किमान रक्कम आधीच भरून बसलेला छोटा वितरक यात सर्वांत आधी बुडाला.

याच गदारोळात २००४ चा निर्णय झाला. तमिळनाडूचा १९८२ चा प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा बोलीत ‘गुंडा कायदा’ म्हणून ओळखला जातो. त्यात हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे गुन्हेगार, गुंड, झोपडपट्टी बळकावणारे यांच्या पंगतीत ‘व्हिडिओ पायरेट’ बसवले गेले. खटला न चालवता बारा महिन्यांपर्यंत डांबून ठेवण्याची सोय झाली. जामिनाचा प्रश्नच उरला नाही, कारण आदेश जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त काढतात आणि तपासते ते सल्लागार मंडळ. त्या वेळी मुख्यमंत्रिपदी एकेकाळच्या आघाडीच्या नायिका जयललिता होत्या, त्यामुळे चित्रपटसृष्टीचे गाऱ्हाणे सरकारपर्यंत पोचायला फारसा वेळ लागला नसावा.

खरी मेख व्याख्येत आहे. याच कायद्यात ‘गुंड’ ठरायला सराईतपणे गुन्हे करावे लागतात. व्हिडिओ पायरेटच्या व्याख्येत ती अट नाही. सिनेमाच्या कॉपीराइटचा भंग किंवा तसा प्रयत्नही पुरतो. निर्मात्यांचे म्हणणे असे, की नेहमीचा खटला वर्षानुवर्षे रेंगाळतो आणि सिनेमाची कमाई तर पहिल्या तीन दिवसांत ठरते. मुद्दा खरा आहे. पण सापडायचा तो टपरीवरचा पोरगा, मास्टर प्रत काढणारा क्वचितच. शिवाय या कायद्याखालचे कितीतरी आदेश उच्च न्यायालयात कागदपत्रांच्या त्रुटींवर किंवा स्थानबद्धाच्या अर्जाचा निकाल लांबवल्याच्या कारणावर रद्द होतात. तरी वाट पडली ती पडलीच. महाराष्ट्राने २००९ मध्ये एमपीडीए या आपल्या स्थानबद्धतेच्या कायद्यात हीच भर घातली. वाळू तस्करांच्या स्थानबद्धतेच्या बातम्यांत कायद्याचे लांबलचक नाव येते, त्यात ‘विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती’, म्हणजे व्हिडिओ पायरेट, येतात त्या अशा.

तोवर माल टपरीवरून इंटरनेटवर गेला होता. २०१२ मध्ये एका तमिळ सिनेमाच्या निर्मात्याने चेन्नईच्या उच्च न्यायालयातून अज्ञात प्रतिवादींविरुद्ध मनाई मिळवली आणि इंटरनेट कंपन्यांनी व्हिमिओ, डेलीमोशनसारख्या अख्ख्या साइट बंद केल्या. जूनमध्ये न्यायालयाला खुलासा करावा लागला, की विशिष्ट लिंकच बंद करायच्या आहेत. २०११ च्या सुमारास सुरू झालेली ‘तमिळरॉकर्स’ ही कुप्रसिद्ध साइट दर वेळी नवा पत्ता घेऊन उभी राहिली. २०१८ मध्ये एका बिग बजेट सिनेमासाठी बंदीच्या एकाच आदेशात १२,५६४ साइट आल्या. सिनेमा तरीही इंटरनेटवर फुटला.

त्याच वर्षी निर्मात्यांचा मोर्चा थिएटरांकडे वळला. डिजिटल प्रतीत डोळ्यांना न दिसणारी खूण असते, तिच्यावरून कोणत्या पडद्यावरून, कोणत्या खेळाला चित्रण झाले ते कळते. संशयित थिएटरांना नवे सिनेमे न देण्याचे ठरले. थिएटरवाले चिडले: प्रेक्षकाच्या खिशातला मोबाइल आम्ही कसा तपासायचा? २०२४ मध्ये तिरुवनंतपुरमच्या थिएटरात पकडलेल्या एकाने मोबाइल रेक्लायनरच्या कप ठेवायच्या खाचेत लावला होता, म्हणजे तक्रार अगदीच पोकळ नव्हती.

२०२३ च्या केंद्रीय दुरुस्तीने थिएटरातील चित्रणाला तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड ठेवला; कमाल दंड निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. पण २०२० पासून तमिळ सिनेमे थेट ओटीटीवर येऊ लागले होते. तिथली स्वच्छ प्रत काही तासांत टेलिग्रामवर फिरते, आणि त्यासाठी कुणाला थिएटरात पाऊलही ठेवावे लागत नाही.