४२९४९६७२९७

४२९४९६७२९७ (चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव) ही दहा अंकी विषम संयुक्त संख्या आहे. २ पासून सुरुवात करून लागोपाठ पाच वेळा वर्ग केला की ४, १६, २५६, ६५५३६ आणि ४२९४९६७२९६ मिळतात. शेवटच्या संख्येत १ मिळवला की ही संख्या तयार होते. म्हणजे ती २ च्या ३२व्या घातापेक्षा १ ने मोठी. फर्माच्या संख्यांच्या (म्हणजे २ आणि त्याचे असे लागोपाठ वर्ग यांत १ मिळवून येणाऱ्या संख्यांच्या) मालिकेत तिच्या आधी ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ येतात, आणि त्या पाचही मूळ संख्या आहेत. त्यावरून पुढच्या सगळ्याही मूळच असतील, असे फ्रेंच गणिती प्येर द फर्माला १६४० च्या सुमारास वाटले. १७३२ मध्ये स्विस गणिती लेओनार्ड ऑयलरने ६४१ × ६७००४१७ हे अवयव काढून तो समज मोडला.

भागाकार न करताही ६४१ हा विभाजक असल्याचे दाखवता येते, आणि ही सिद्धता फार देखणी आहे. ६४१ म्हणजे ५ गुणिले २ चा ७वा घात, अधिक १. म्हणून ६४१ ने भागताना त्या गुणाकाराची बाकी −१ धरता येते. दोन्हींचा चौथा घात घेतला की ५ चा ४था घात गुणिले २ चा २८वा घात, याची बाकी १ येते. पण ६४१ म्हणजे ६२५ + १६ सुद्धा. तेव्हा ५ च्या ४थ्या घाताऐवजी −१६, म्हणजे उणे २ चा ४था घात, लिहायला हरकत नाही. मग २ च्या ३२व्या घाताची बाकी −१ उरते. त्यात १ मिळवला की बाकी शून्य.

६४१ पर्यंत पोहोचायला फार चाचपडावेही लागत नाही. या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक १२८ च्या पटीत १ मिळवून येणारा असतो (हे फ्रेंच गणिती लुकासने १८७८ मध्ये दाखवले). असे पहिले दोन मूळ उमेदवार म्हणजे २५७ आणि ६४१. कोणत्याही दोन फर्मा संख्यांना सामाईक अवयव नसतो, म्हणून २५७ आपोआप बाद होतो. ६७००४१७ ही मात्र मूळ संख्या आहे.

ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात दोन प्रकारे लिहिता येते: ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग, तसेच ६२२६४ चा वर्ग अधिक २०४४९ चा वर्ग. मूळ संख्येला असा फार तर एकच प्रकार शक्य असतो. त्यामुळे अवयव हाती नसतानाही ती संयुक्त असल्याचे एवढ्यावरून सिद्ध होते. फर्माच्याच नावाची मूळत्वाची एक कसोटी आहे: एखाद्या पायाचा, संख्येपेक्षा १ ने लहान असलेला घात घेऊन त्याला त्या संख्येने भागले की बाकी १ येते का, ते पाहायचे. ती पाया २ घेऊन लावली, तर मात्र ही संख्या मूळ असल्यासारखी उत्तीर्ण होते. पाया ३ घेतला की ती उघडी पडते.

हिच्यानंतरची एकही फर्मा संख्या मूळ असल्याचे आजवर आढळलेले नाही. केवळ पट्टी आणि कंपासने विषम बाजूंची सुसम बहुभुजाकृती काढायची, तर बाजूंची संख्या ही एखादी मूळ फर्मा संख्या किंवा वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असावी लागते. त्यामुळे अशा काढता येणाऱ्या, विषम बाजूंच्या सुसम बहुभुजाकृतींपैकी ज्ञात असलेली सर्वांत मोठी आकृती ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ इतक्या बाजूंची आहे. हा गुणाकार ४२९४९६७२९५ येतो, प्रस्तुत संख्येपेक्षा बरोबर दोनने कमी.