व्यसनाची पुनरावृत्ती (अफूजन्य पदार्थ)

गर्द, मॉर्फिन, कोडीनयुक्त खोकल्याची औषधे किंवा ट्रामाडोलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांचे सेवन सोडलेल्या व्यक्तीने ते पुन्हा सुरू करणे, याला व्यसनाची पुनरावृत्ती म्हणतात. व्यसनमुक्ती केंद्रांत तिला ‘रिलॅप्स’ आणि एखाद्या वेळच्या सेवनाला ‘स्लिप’ म्हणण्याची पद्धत आहे. नागपुरातील बातम्यांत वारंवार येणारे ‘एमडी’, म्हणजे मेफेड्रोन, हे उत्तेजक असून अफूजन्य नाही. पुढील विवेचन त्याला लागू होत नाही.

अफूजन्य पदार्थ मेंदूतील ठरावीक ग्राहींवर (रिसेप्टर, म्हणजे पेशींवरील रेणू ज्यांना हे पदार्थ चिकटतात) काम करून वेदना शमवतात, सुख देतात आणि त्याच वेळी श्वसन मंदावतात. रोजच्या सेवनाने शरीर सरावते व मात्रा वाढत जाते. सेवन थांबले की हा सराव काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतो, ओढ मात्र महिनोन्‌महिने टिकते, आणि खरा धोका या दोहोंमधील अंतरात आहे: महिनाभर दूर राहिलेल्या माणसाने जुन्या अंदाजाने पूर्वीचीच मात्रा घेतली, तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. केंद्रातून घरी परतल्यानंतरचे आणि कारागृहातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत जोखमीचे असतात. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील, तर धोका आणखी वाढतो.

गर्दुल्ल्यांच्या बोलीत ज्याला ‘टर्की’ म्हणतात तो त्रास, म्हणजे अंगदुखी, जुलाब, घाम व निद्रानाश, शेवटच्या सेवनानंतर साधारण ८ ते २४ तासांत सुरू होतो आणि बहुधा आठवडा-दहा दिवसांत शमतो. तो शमला म्हणजे रुग्ण बरा झाला, असे कुटुंबीय मानतात. प्रत्यक्षात शरीराचा सराव गेलेला, पण जुनी गल्ली आणि जुने मित्र तसेच, अशा स्थितीत तो घरी येतो. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही अफूसारखेच काम करणारी औषधे दीर्घकाळ देण्याचा उपचार ही जोखीम लक्षणीय कमी करतो. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ हा त्यावरचा आक्षेप लोकप्रिय असला, तरी टिकणारा नाही. २००५ पासून ही दोन्ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. नाल्ट्रेक्सोन हा वेगळा पर्याय ग्राही अडवतो, परंतु तो सुटल्यावर सराव नसलेले शरीर पुन्हा उघडे पडते.

नागपुरात कोराडी मार्गावरील प्रादेशिक मनोरुग्णालय, ‘मेडिकल’ या नावानेच ओळखले जाणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आणि मिहानमधील एम्स येथे मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला मिळतो. राष्ट्रीय नशामुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक १४४४६ आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४ अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनग्रस्ताला, अल्प प्रमाणाशी संबंधित वा केवळ सेवनाच्या गुन्ह्यात, खटल्यापासून संरक्षण देते. पोलिसांच्या भीतीने रुग्ण लपवणाऱ्या घरांत हे कलम फारसे ठाऊक नसते.

डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होणे, हाक मारून न उठणे, घोरल्यासारखा तुटक श्वास व निळे पडलेले ओठ ही अतिमात्रेची लक्षणे होत. रुग्णाला झोप लागली असे समजून सोडू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलावून, श्वास थांबल्यास कृत्रिम श्वास द्यावा आणि श्वास चालू असल्यास त्याला कुशीवर वळवावे. अफूजन्य पदार्थांचा परिणाम उलटवणाऱ्या नालोक्सोनच्या इंजेक्शनाने श्वास परततो, परंतु त्याचा परिणाम बहुधा अर्धा ते दीड तासच टिकत असल्याने, शुद्धीवर आलेला रुग्ण घरी जाण्याचा हट्ट करत असला तरी त्याला रुग्णालयात निरीक्षणाखाली ठेवावे लागते.