कोळ्याचा चावा आणि अँटिबायोटिकचा कोर्स: ही जोडी जमली कशी?

"कोळी चावलाय, लाल होऊन सुजलंय, काहीतरी द्या." पावसाळ्यात मुंबईतल्या केमिस्टकडे असं कुणी म्हणालं की बऱ्याचदा अँटिबायोटिकची स्ट्रिप पुढे येते. चावताना कोळी पाहिला का, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारायला हवं.

कोळ्याचं विष वेगळं आणि जखमेत झालेला जंतुसंसर्ग वेगळा. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, विषाला त्याचा काही उतारा नाही. तरी दोन्हींची गल्लत झाली, आणि तिची मुळं बरीचशी अमेरिकेत आहेत. 'ब्राउन रिक्लूज' नावाच्या कोळ्याच्या चाव्याने त्वचा मरून जखम पडते, हे तिथे १९५७ साली सिद्ध झालं. ते खरंच होतं. पण पुढे चिघळलेली कुठलीही जखम त्याच्या माथी मारली जाऊ लागली, अगदी हा कोळी जिथे आढळतच नाही अशा राज्यांतही. कॅन्ससमधल्या एका घरात सहा महिन्यांत असे २,०५५ कोळी पकडले गेले. घरात माणसं राहत होती, पण कुणालाही विषबाधा झालेली नव्हती. हा अभ्यास २००२चा. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात, तिथल्या बदनाम पांढऱ्या शेपटीच्या कोळ्याचे खात्रीचे १३० चावे तपासले गेले. एकाही ठिकाणी त्वचा सडलेली नव्हती.

मग त्या जखमा कशाच्या? पुष्कळशा स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या. हा जिवाणू कित्येकांच्या नाकात आणि त्वचेवर एरवीही असतो. पेनिसिलिन १९४०च्या दशकात सर्रास वापरात आलं आणि त्याच दशकात या जिवाणूने त्याला दाद देणं सोडलं. मग मेथिसिलिन आलं, त्यालाही न जुमानणारे जिवाणू १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये सापडले. हेच एमआरएसए. आधी ते हॉस्पिटलांपुरते होते, पण १९९०च्या दशकाअखेर अमेरिकेत तुरुंगांत, खेळाडूंच्या संघांत गळवं घेऊन लोक येऊ लागले आणि 'कोळी चावला' असं सांगू लागले. इतके की ही तक्रार ऐकली की डॉक्टरांनी एमआरएसएचा संशय घ्यावा, असं तिथे शिकवलं जाऊ लागलं.

आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक घोटाळा होतो. ट्यूबलाइटवर येणारा काळा-केशरी पिडेरस किडा झोपेत मानेवर चिरडला जातो. त्याच्या अंगातल्या पेडेरिनने त्वचा भाजते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिथे लालबुंद, आग होणारा पट्टा उमटतो. घरात 'कोळी फिरला' म्हणतात. इथे ना कोळी, ना जिवाणू. अँटिबायोटिकचा कोर्स फुकट जातो.

औषध सहज मिळतं हेही खरं. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती पेनिसिलिन देशातच बनावं म्हणून, आणि ती मोठी गरज होती. आज कायद्याने ही औषधं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. १ मार्च २०१४पासून शेड्यूल एच१ ही जास्त कडक नियमांच्या औषधांची यादी लागू झाली. त्यातली अँटिबायोटिक्स विकताना केमिस्टने पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव रजिस्टरमध्ये लिहून ती नोंद तीन वर्षं ठेवायची असते.

खरोखर चावा असेल तर साबण-पाण्याने धुणं, बर्फाचा शेक आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी एवढ्यावर बहुतेकदा भागतं. लाली पसरत गेली, ताप आला, तर अँटिबायोटिक लागतं, आणि ते कुठलं हे डॉक्टरने ठरवायचं. गळू झालं असेल तर मुख्य उपचार चिरा देऊन पू काढणं हाच. गरज वाटली तर त्यातला थोडा कल्चरला पाठवतात, म्हणजे कुठलं औषध लागू पडेल ते कळतं.