ट्रान्झिट व्हिसा आणि नागपूरचा परदेशी जाणारा प्रवासी

ट्रान्झिट व्हिसा : विमान बदलण्यापुरता वाटेत लागणारा देश परक्या नागरिकाला देतो ती परवानगी. ‘पारगमन व्हिसा’ असा मराठी प्रतिशब्द आहे, पण तो सरकारी कागदापलीकडे फारसा गेला नाही. नागपुरात प्रवासी, एजंट आणि विमानतळावरचे कर्मचारी सगळेच नुसते ‘ट्रान्झिट’ म्हणतात. याचे दोन प्रकार आहेत आणि बहुतेक घोटाळे ते एकच समजल्याने होतात. पहिल्यात प्रवासी विमानतळाच्या आतच, इमिग्रेशनच्या म्हणजे प्रवेशाच्या तपासणीच्या अलीकडे राहतो. एका गेटवर उतरतो, दुसऱ्यावर चढतो. दुसऱ्यात तो इमिग्रेशन ओलांडून त्या देशात पाऊल टाकतो, मग ते रात्रभर हॉटेलात झोपायला असो की पट्ट्यावरची बॅग उचलून पुन्हा काउंटरवर द्यायला. पहिल्या प्रकारासाठी बरेच देश व्हिसा मागत नाहीत. दुसऱ्यासाठी बहुतेक मागतात.

‘आपल्याले तिथं उतराचंच नाही, त व्हिसा काहाले पायजे?’ हा नागपुरी प्रश्न तर्काला धरून आहे आणि अनेक मार्गांवर त्याचे उत्तर ‘नकोच’ असे आहे. मात्र उतरणे कशाला म्हणायचे, हे प्रवाशाच्या हाती नसते. ते ठरते तिकिटावर, बॅगेवर आणि मधल्या देशाने आपला विमानतळ कसा बांधला आहे यावर.

नागपूरची जागा

विमान बदलण्याची जागा म्हणून नागपूरची ओळख जुनी आहे. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि विमाने पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. पुढे ‘मिहान’ या विमानतळालगतच्या मालवाहतूक प्रकल्पाची कल्पना निघाली तीही अशाच अदलाबदलीच्या केंद्राची. प्रत्यक्षात सोनेगावच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून परदेशाची थेट विमाने मुख्यतः शारजा आणि दोहा या दोनच ठिकाणची राहिली. त्यामुळे देशाच्या मध्यावर राहणाऱ्या माणसाला आखाताच्या पलीकडे कुठेही जायचे तर वाटेत एकदा तरी उतरावेच लागते. हे उतरणे मुंबईत किंवा दिल्लीत असेल तर व्हिसाचा प्रश्न येत नाही, फार तर टर्मिनल बदलण्याची धावपळ होते. दोहाही सोपे : एकाच तिकिटावर, विमानतळाच्या आतून पुढे जाणाऱ्या भारतीयाला कतारचा व्हिसा लागत नाही.

शारजाचे प्रकरण वरवर तितकेच सोपे दिसते आणि तिथेच गाडी अडते. नागपूर–शारजा हे स्वस्त तिकीट एका संकेतस्थळावरून घ्यायचे आणि पुढचे युरोपचे किंवा आफ्रिकेचे तिकीट दुबईहून वेगळे काढायचे, असा हिशेब अनेकजण करतात. नकाशावर ही दोन शहरे एकमेकांना चिकटलेली आहेत आणि टॅक्सीने सहज जाता येते. पण टॅक्सी इमिग्रेशनच्या पलीकडे उभी असते. शारजा विमानतळातून बाहेर पडणे म्हणजे संयुक्त अरब अमिरातीत प्रवेश करणे, आणि त्यासाठी भारतीय पासपोर्टवर आधी काढलेला व्हिसा लागतो. अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड यांसारखी ठरावीक कागदपत्रे जवळ असतील तरच तो तिथे पोचल्यावर मिळू शकतो. अमिरातीचा ४८ तासांचा ट्रान्झिट व्हिसा विनाशुल्क असून ९६ तासांच्या व्हिसाला ५० दिरहम पडतात. तोही निघण्यापूर्वी, तिथल्या विमान कंपनीमार्फत काढायचा असतो. वाचवलेल्या हजारांच्या मानाने हा खर्च किरकोळच आहे. अडचण पैशाची नसते. असा काही व्हिसा लागतो हेच काउंटरवर पोचेपर्यंत माहीत नसते.

काउंटरवर कोण ठरवते

प्रवाशाला वाटते की अडवायचे तर मधला देश अडवेल, त्याला तिथे समजावून सांगू. वस्तुस्थिती अशी, की तो त्या देशापर्यंत पोचतच नाही. निर्णय सोनेगावच्या किंवा मुंबईच्या चेक-इन काउंटरवर होतो आणि तो घेणारा माणूस विमान कंपनीचा नोकर असतो. कारण दंड. पुरेशा कागदपत्रांविना माणूस आणून सोडला तर विमान कंपनीकडून दंड वसूल करण्याचा कायदा अनेक देशांत आहे : ब्रिटनने तो १९८७ मध्ये केला, भारताने २००० मध्ये. भारतीय कायद्यात दर प्रवाशामागे एक लाख रुपये दंड होता. २०२५ च्या इमिग्रेशन व परदेशी नागरिकविषयक कायद्याने तो जुना कायदा आपल्यात सामावून घेतला. शिवाय परत पाठवलेल्या प्रवाशाला माघारी आणण्याची जबाबदारीही कंपनीवरच येते. त्यामुळे काउंटरवरचा कर्मचारी ‘टिमॅटिक’ या आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या माहितीकोशात पासपोर्ट, मार्ग आणि हाती असलेले व्हिसा घालून पाहतो. तिथे नकार उमटला की विनवणी, ओळख, एजंटला फोन यांचा उपयोग होत नाही. कागद अपुरे म्हणून विमानात न घेतलेल्या प्रवाशाला सहसा भरपाईही मिळत नाही, कारण कागदपत्रे पुरी असणे ही तिकिटाच्या अटींनुसार प्रवाशाचीच जबाबदारी असते. एजंटांची बाजू अशी, की त्यांना तिकीट विकायचे असते. ट्रान्झिटचा प्रश्न विचारल्याशिवाय त्याचे उत्तर सांगणारे थोडेच.

देशोदेशीचे नियम

अमेरिकेचा नियम सर्वांत कडक आणि म्हणूनच समजायला सर्वांत सोपा. तिथल्या विमानतळांवर परदेशातून परदेशात जाणाऱ्यांसाठी इमिग्रेशनच्या अलीकडचा वेगळा विभागच नसतो. ह्यूस्टन किंवा मायामीत दोन तास थांबून पेरूला किंवा त्रिनिदादला जाणारा माणूसही अमेरिकेत रीतसर प्रवेश करतो, बॅग उचलतो आणि पुन्हा देतो. पूर्वी व्हिसाविना ट्रान्झिटची सवलत होती. दहशतवादी तिचा गैरफायदा घेतील या भीतीने ती ऑगस्ट २००३ मध्ये थांबवली आणि मग सी-१ हा ट्रान्झिट व्हिसा किंवा नेहमीचा पर्यटक व्हिसा यांतला एक लागू लागला. त्यासाठी महाराष्ट्रातल्या माणसाला मुंबईच्या वकिलातीचे दार गाठावे लागते. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर पार करून दोन तासांच्या थांब्यासाठी मुलाखत देणे कोणाला परवडत नाही. तेव्हा अमेरिकेचा व्हिसा नसेल तर मार्गच बदलावा. कॅनडाही भारतीयांकडून ट्रान्झिट व्हिसा मागतो. तो ४८ तासांपर्यंतच्या थांब्यासाठी असतो आणि त्याला शुल्क नाही, पण अर्ज करून तो आधी हाती असावा लागतो.

ब्रिटनमध्ये विमानतळाच्या आत राहायचे असले तरी भारतीयांना थेट ट्रान्झिट व्हिसा लागतो. यातून मोठी सवलत आहे : अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा असणाऱ्यांना तो सहसा लागत नाही. त्यामुळे मुलीच्या बाळंतपणासाठी लंडनमार्गे टोरांटोला निघालेले धरमपेठेतले आईवडील निर्धास्त जातात, आणि त्यांच्याच विमानात बसून लंडनमार्गे दुसऱ्याच एखाद्या देशात नोकरीला निघालेला तरुण मुंबईत अडकतो. हीथ्रोवर उतरून गॅटविकवरून पुढे जायचे असेल तर आतून रस्ता नाही. तिथे इमिग्रेशन ओलांडणारा वेगळा व्हिसा लागतो.

युरोपातला गुंता अधिक बारीक आहे. एकच व्हिसा चालणाऱ्या आणि आपसांत सीमातपासणी नसलेल्या शेंगेन गटात आज २९ देश आहेत. ज्यांना गटातल्या कोणत्याही विमानतळावर ट्रान्झिट व्हिसा लागतो अशा देशांची एक सामाईक यादी आहे. पाकिस्तान, बांगलादेश आणि श्रीलंका तिच्यात आहेत, भारत नाही. मात्र सदस्य देशांना आपापली जास्तीची यादी ठेवता येते आणि भारतीयांना त्रास झाला तो या याद्यांनी. फ्रान्सने २३ जुलै २०१८ पासून भारतीयांना यातून वगळले. जर्मनीची अट त्यानंतरही टिकून राहिली. जानेवारी २०२६ मध्ये चान्सलर मेर्त्स यांच्या भारतभेटीत ती उठवण्याची घोषणा झाली. घोषणा होणे आणि ती काउंटरवरच्या संगणकात उमटणे यांत काही दिवस जातात, हे अशा बातम्या वाचून तिकीट काढणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

या सवलतीही एकाच शेंगेन विमानतळापुरत्या असतात. मुंबई–पॅरिस–ॲम्स्टरडॅम–टोरांटो असे तिकीट घेतले, की पॅरिस ते ॲम्स्टरडॅम हा टप्पा कायद्याच्या दृष्टीने नागपूर–मुंबईसारखा घरगुती ठरतो. इमिग्रेशन पॅरिसलाच होते आणि त्यासाठी पुरता शेंगेन व्हिसा लागतो. एकाच कंपनीचे, एकाच तिकिटावरचे, बॅग टोरांटोपर्यंत टॅग केलेले असे हे प्रवास असतात. सगळे सुरक्षित वाटते, आणि तरीही प्रवासी थांबवला जातो. युरोपातल्या दोन थांब्यांचे तिकीट स्वस्त का असते, याचे एक उत्तर त्यात दडलेले असू शकते.

पूर्वेकडचे नियम सौम्य आहेत. सिंगापुरात आतल्या आत विमान बदलायला व्हिसा नको. बाहेर जायचे तर अमेरिका, ब्रिटन, जपान अशा ठरावीक देशांचा व्हिसा असलेल्या भारतीयांना अटी पाळून ९६ तास मिळतात. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसामाफी दिली, त्यामुळे क्वालालंपूरला बॅग उचलून पुन्हा देणे जमते. मात्र डिजिटल आगमनपत्र आधी भरावे लागते. चीनच्या व्हिसाविना थांब्याच्या गाजलेल्या २४० तासांच्या सवलतीत भारत नाही, २४ तासांच्या थांब्याची सवलत मात्र आहे. ऑस्ट्रेलियाचा ७७१ क्रमांकाचा ट्रान्झिट व्हिसा फुकट आहे.

बॅग कुठे उतरते

वरचे सगळे नियम पाठ केले तरी एक प्रश्न उरतो आणि जाणकार एजंट तोच आधी विचारतात : बॅग कुठे उतरते? एकाच पीएनआरवरच्या, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावरच्या प्रवासात बॅग नागपूरला दिली की शेवटच्या ठिकाणी मिळते आणि पुढचे बोर्डिंग पास इथेच हातात पडतात. दोन वेगळी तिकिटे जोडली की बहुधा पहिल्या कंपनीची जबाबदारी मधल्या विमानतळावर संपते. तिच्या दृष्टीने प्रवाशाचे अंतिम ठिकाण तेच आणि ती त्या देशाचाच व्हिसा मागते. पुढचे तिकीट दाखवले तरी बॅग घ्यायला बाहेर यावेच लागणार, हे तिला ठाऊक असते. केवळ हातातली बॅग घेऊन निघणाऱ्यालाही सुटका मिळेलच असे नाही, कारण काही स्वस्त कंपन्यांचे बोर्डिंग पास बाहेरच्या काउंटरवरच मिळतात. तिकीट विकणारी काही संकेतस्थळे दोन स्वतंत्र तिकिटे एकाच प्रवासासारखी मांडतात आणि ‘बदल स्वतः करावा’ अशी ओळ बारीक अक्षरांत टाकतात. ती ओळ वाचणे म्हणजे ट्रान्झिटचा निम्मा अभ्यास.

कागद पुरे असूनही अडचण येते ती आकाशात. १ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईहून बहारीनमार्गे मँचेस्टरला निघालेल्या प्रवाशांचे विमान बिघाडामुळे कुवेतला उतरले. काही देशांच्या प्रवाशांना बाहेर पडून हॉटेलात जाता आले. कुवेतचा व्हिसा नसलेले भारतीय वीसेक तास विमानतळावरच राहिले, मग भारतीय दूतावासाने लाउंजची सोय करून घेतली. कुवेत त्यांच्या तिकिटावर कुठेही नव्हते. २३ जून २०२५ ला कतारने काही तास हवाई हद्द बंद केली, तेव्हा दोहामार्गे जाणाऱ्यांचे वेळापत्रक असेच कोसळले. अशा वेळी नागपूरकराच्या मदतीला येतो तो एकच पीएनआर. दुसरे विमान देणे तेव्हा कंपनीचे काम असते. दोन तिकिटेवाला त्या रांगेत उभाही राहू शकत नाही.

परतीचा प्रवास बहुतेकजण तपासत नाहीत. जाताना ज्या व्हिसाच्या बळावर लंडनला सवलत मिळाली, तो परतेपर्यंत संपलेला असू शकतो. एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा वापरून झाला, की परतीच्या वाटेवर युरोपातले दोन थांबे चालत नाहीत. अमेरिकेचा वैध व्हिसा जुन्या, मुदत संपलेल्या पासपोर्टावर असेल तर दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवायचे असतात. नवा पासपोर्ट मिळाल्यावर जुना घरच्या कपाटात ठेवून निघालेल्या माणसाला काउंटरवरून फोन करून तो मागवावा लागतो. घर प्रतापनगरला असेल तर तो वेळेत पोचतो, कामठीला असेल तर सांगता येत नाही.